नव्या रेसिंग कारचं किट मिळत का नाही, आणि मिळालंच तर एवढं महाग का?

२०२३ च्या फॉर्म्युला वन (एफ१) हंगामात रेड बुलच्या आरबी१९ ने २२ पैकी २१ शर्यती मारल्या. सिंगापूरची तेवढी हुकली. असा दबदबा त्याआधी दाखवला होता तो १९८८ च्या मॅक्लारेन एमपी४/४ ने. सेना आणि प्रोस्ट या चालकांच्या हातातल्या त्या गाडीने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या होत्या.

आता या दोन गाड्यांची प्लास्टिक किट शोधायला निघा. एमपी४/४ चं टामिया या जपानी कंपनीचं १/२० मापातलं (खऱ्या गाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढं) किट आहे, चीनच्या मेंग कंपनीचं १/१२ मधलं आहे, शिवाय त्यासाठी वेगळी डिकॅल (गाडीवर लावायची छापील नावं आणि चिन्हं), वेगळे धातूचे भाग, वेगळी चाकं असा सगळा बाजार आहे. ३५ वर्षांहून जुनी गाडी, पण हवा तो पर्याय हजर. आरबी१९ विचारलीत तर दुकानदार बहुधा धातूची तयार गाडी (डायकास्ट) पुढे करेल, नाहीतर लेगोचा डबा दाखवेल. ‘जोडून, रंगवून बनवायचं किट हवंय’ म्हटलंत की तो मान हलवतो.

नव्याने या छंदाकडे वळलेल्यांना हे उलटं वाटतं. टीव्हीवर आजची गाडी दिसते, चाहते आजच्या गाडीचे आहेत, मग कंपन्या जुनीच का विकत बसल्या आहेत? उत्तर कंपन्यांच्या आळसात नाही. ते पोलादाच्या साच्यात आहे.

साचा कसा चालतो

किट म्हणजे काय हे आधी सांगतो. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात, त्यांना स्प्रू म्हणतात. त्यांना लटकलेले भाग निप्परने कापायचे, कडा घासायच्या, रंगवायचे, चिकटवायचे. सोबत डिकॅलचा कागद असतो. प्रायोजकांची नावं आणि नंबर पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायचे. एफ१ गाड्या बहुतेक १/२० मध्ये येतात, जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या) आणि रॅलीच्या १/२४ मध्ये. २०१७ पासूनच्या एफ१ गाड्या दोन मीटर रुंद होत्या, म्हणजे १/२० मध्ये बरोबर दहा सेंटीमीटर. २०२२ च्या नियमांनी पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्तीत जास्त ३.६ मीटर ठरवलं, म्हणजे मॉडेलमध्ये १८ सेंटीमीटर. टेबलावर सहज मावेल एवढी वस्तू.

तिचे भाग बनतात पॉलिस्टायरिनचे. हे प्लास्टिक दोनशे अंशांच्या वर तापवून प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवतात, थंड होऊ देतात, साचा उघडतात आणि पिना भाग बाहेर ढकलतात. मोदकाचा साचा आठवा. पाकळ्या उघडल्या की मोदक अलगद निघतो, कारण त्याच्या कळ्या बाहेरच्या दिशेला मोकळ्या आहेत. त्याच मोदकाला आत वळलेला एक आकडा असता, तर साचा उघडताना तो तुटलाच असता. प्लास्टिकचंही तसंच. साचा ज्या दिशेला उघडतो त्या दिशेला प्रत्येक भाग किंचित निमुळता लागतो, आत वळणारी घडी चालत नाही. हवीच असेल तर साच्याला बाजूने सरकणारा तुकडा बसवावा लागतो. तशा प्रत्येक तुकड्यागणिक साच्याचा खर्च वाढतो.

हा साचा मशिनवर कोरतात, विजेच्या ठिणग्यांनी बारीक कोपरे काढतात आणि शेवटी हाताने पॉलिश करतात. एका किटला असे अनेक साचे लागतात. मुख्य मुद्दा हा की हजार खोकी विका नाहीतर लाख, साच्याचा खर्च तेवढाच. समजा साच्यांवर एक कोटी रुपये गेले. ५० हजार खोकी खपली तर प्रत्येक खोक्यावर साच्याचे २०० रुपये पडले. तीनच हजार खपली तर ३,३३३. आकडे कल्पनेतले आहेत, पण हिशेब असाच चालतो. आतलं प्लास्टिक, छापील कागद, खोकं यांची किंमत या खेळात किरकोळ आहे. ‘एवढ्याशा प्लास्टिकचे एवढे पैसे?’ असं विचारणाऱ्याला हेच उत्तर द्यावं लागतं.

पोलादी साचा दशकानुदशकं टिकतो. टामियाचं टिरेल पी३४ पाहा. ही सहा चाकांची विचित्र गाडी १९७६ ला स्वीडनची शर्यत जिंकून गेली आणि पुढच्याच वर्षी टामियाने ती १/२० मध्ये आणली. ते किट अधूनमधून पुन्हा बाजारात येतंच. साच्याचे पैसे केव्हाच वसूल झालेले. त्यामुळे जुन्या गाडीचं पुन्हा छापलेलं किट स्वस्त पडतं आणि नव्या गाडीचं महाग. माल दिसायला सारखाच, पण एकाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि दुसऱ्याच्या नाही.

गाडीचं आयुष्य एक वर्ष, साच्याचं पन्नास

आजच्या एफ१ गाडीचं खरं दुखणं हेच आहे. ती मार्चमध्ये धावायला लागते आणि डिसेंबरात संपते. मधल्या काळातही ती एकच नसते. दर दोन-तीन शर्यतींनी पुढचा विंग (हवेच्या जोरावर गाडी जमिनीला दाबून धरणारी पाती) बदलतो, तळ बदलतो, बाजूचे पॉड बदलतात. रंगसंगतीही एखाद्या शर्यतीपुरती पालटते. किट काढणाऱ्याला मोजमापं, रेखाटनं, परवानग्या, साचे, चाचण्या हे सगळं करायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. खोकं दुकानात येईस्तोवर त्या गाडीची पुढची पिढीही धावून जुनी झालेली असते. ज्याला ‘आजची’ हवी होती त्याच्या हाती परवाची लागते.

टामियाचीच यादी पाहिली की हे दिसतं. कधीकाळी ही कंपनी दर वर्षी चालू हंगामाच्या गाड्या काढायची. नंतर २०१० ची विजेती रेड बुल आरबी६ आली, आणि १/२० च्या त्याच मालिकेतला पुढचा क्रमांक लागला २०१७ च्या फेरारी एसएफ७०एचला. मध्ये सहा हंगाम. व्हेटेल, हॅमिल्टन, रोझबर्ग जगज्जेते झाले, हायब्रिड इंजिनं आली, आणि मालिका गप्प.

या काळात आलेलं एक किट मला फार गमतीचं वाटतं. एब्रो या जपानी कंपनीने १/२० मध्ये मॅक्लारेन-होंडा एमपी४-३० काढली. २०१५ ची ही गाडी म्हणजे सपशेल अपयश. संघ २७ गुणांवर नवव्या स्थानी राहिला आणि होंडाच्या घरच्या मैदानावर, सुझुकात, चालक अलोन्सोने रेडिओवरून इंजिनाला ‘जीपी२ इंजिन’, म्हणजे खालच्या वर्गातलं, म्हणून हिणवलं. तरी किट निघालं, कारण मागे होंडाचं नाव होतं आणि जपानी गिऱ्हाईक होंडासाठी खिशात हात घालतं. टोयोटाच्या टीएस०५० चंही तसंच. ले मान्सची २४ तासांची शर्यत २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकलेली ही गाडी टामियाने १/२४ मध्ये आणली. गाडी जिंकली की हरली यापेक्षा किट बनवणाऱ्याच्या गावात तिला कोण विकत घेणार, हे जास्त महत्त्वाचं.

आणि ते गाव खरोखरच एक गाव आहे. टामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा या सगळ्या कंपन्या जपानच्या शिझुओका परिसरातल्या. देवळं बांधायला आलेल्या सुतारांची तिथे जुनी परंपरा, त्यातून लाकडी खेळणी, लाकडी मॉडेल आणि मग प्लास्टिक. टामिया १९४६ ला सुरू झाली तीच लाकडाचा व्यापार म्हणून. पहिलं प्लास्टिक किट, यामातो युद्धनौकेचं, १९६० चं. आजही दर मे महिन्यात तिथे हॉबी शो भरतो आणि जगभरचे मॉडेलवाले त्या आठवड्यात डोळ्यांत तेल घालून बसतात, की यंदा एखादी नवी एफ१ जाहीर होतेय का.

गाडी मोजायची कशी?

सत्तरच्या दशकात टामियाने पोर्शे ९३४ चं १/१२ किट करायचं ठरवलं तेव्हा एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून मोजली. आजच्या एफ१ गाडीबाबत हे कोणी करू शकत नाही. ती विकतच मिळत नाही. संघ मोजमापं देतात ती हात राखून, आणि तळाची तर नाहीच, कारण २०२२ च्या नियमांनंतर गाडीची बहुतेक जादू तळाखालून जाणाऱ्या हवेत होती.

२०२३ च्या मोनॅकोत पात्रता फेरीत रेड बुलच्या पेरेझने आरबी१९ भिंतीवर आदळली. क्रेनने ती उचलली आणि तिचा तळ सगळ्या जगाला दिसला. फोटोग्राफरांनी धडाधड फोटो काढले आणि पुढचे कित्येक दिवस तज्ज्ञ मंडळी त्या फोटोंवरच्या एकेका वळणावर चर्चा करत होती. जी गोष्ट प्रतिस्पर्धी संघांनाही अपघाताने, क्रेनला लटकलेली असताना बघायला मिळते, ती किट कंपनीला फायलीत घालून कोण देणार? त्यामुळे चालू गाडीची किट निघाली तरी तळाशी बऱ्याचदा अंदाज असतो. एखाद-दोन वर्षं उलटली, गाडी गुपित राहिली नाही, की मग हात सैल होतो.

आता माप मिळालंय असं धरू. तरी आकार छळतो. जुन्या एफ१ गाडीचा पुढचा विंग म्हणजे एक फळी आणि दोन बाजूच्या पट्ट्या. आजचा विंग म्हणजे एकावर एक अनेक वक्र पाती, प्रत्येकाला पीळ, टोकं वर वळलेली. खऱ्या पात्याची मागची कड काही मिलिमीटर जाडीची असते. चार मिलिमीटर धरली तर १/२० मध्ये ती होते ०.२ मिलिमीटर. वितळलेलं प्लास्टिक एवढ्या फटीतून नीट वाहतच नाही, वाटेतच गोठतं. म्हणून किटमध्ये कड मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. खऱ्या गाडीच्या मापात ती दोन सेंटीमीटर जाड झाली! हौशी माणूस मग ती कड पॉलिश पेपरने मागच्या बाजूने घासत बसतो, बाराशे नंबरचा कागद, पाणी लावून, पुढून दिसेल तेवढीच पातळ. एका विंगला एक संध्याकाळ जाते. २०१८ पासून चालकाच्या डोक्यावर हेलो, म्हणजे डोकं वाचवणारी कमान, आला; तो गोलाई असलेला नळीसारखा भाग, साच्याचा जोड नेमका मधोमध येतो आणि ती रेघ घासून काढताना गोलाई सपाट होऊ न देणं हे वेगळंच कसब.

भर म्हणून कार्बन फायबर. जुनी गाडी रंगवली की झाली. नव्या गाडीचे निम्मे भाग उघड्या कार्बनचे असतात आणि ती विणकामाची नक्षी डिकॅलने लावावी लागते. वक्र भागावर सपाट कागद बसवायचा म्हणजे कापून, गरम पाण्याने आणि डिकॅल मऊ करणाऱ्या द्रावणाने चुचकारून. हे कार्बन डिकॅल अनेकदा किटमध्ये नसतातच, वेगळे घ्यावे लागतात.

परवानग्यांचं जंजाळ

पूर्वी गाडीवाले खूश व्हायचे की आपलं मॉडेल निघतंय, फुकट जाहिरात. आता संघाचं नाव, गाडीचा आकार, टायर कंपनीचं नाव, प्रायोजकांची चिन्हं, सगळं कोणाच्या तरी मालकीचं आहे आणि प्रत्येकाशी करार लागतो. संघालाही हिशेब कळतो. एकाच करारातून लाखो डबे विकणारी लेगो दारात उभी असताना काही हजार खोकी विकणाऱ्या किट कंपनीची घाई कोणाला? २०२५ मध्ये लेगोने दहाही संघांच्या गाड्या एकदम बाजारात आणल्या आणि मायामीच्या शर्यतीआधी चालकांना चक्क लेगोच्या, चालणाऱ्या, खऱ्या आकाराच्या गाड्यांत बसवून फिरवलं. लेगोचं एक गणितही सोपं आहे. विटा बहुतांश त्याच, रंग आणि छपाई वेगळी. नव्या गाडीसाठी नवा पोलादी साचा जवळजवळ लागत नाही.

डायकास्टचा सौदाही बरा. बुरागोसारखी कंपनी जस्ताच्या मिश्रधातूची तयार गाडी १/४३ मध्ये चालू हंगामातच काढते. भाग मोजके, बारकावे कमी, आणि गिऱ्हाईक मुलांपासून आजोबांपर्यंत. किटवाल्याचं गिऱ्हाईक त्या मानाने मूठभर, वरून चिकित्सक. मीच बघा, एका विंगच्या कडेवर एवढा परिच्छेद लिहिला.

तंबाखूचा मुद्दा जुन्या गाड्यांच्या बाबतीत येतो. एमपी४/४ लाल-पांढरी दिसते ती सिगारेटच्या ब्रँडमुळे, पण आज निघणाऱ्या खोक्यांत ते नाव सहसा नसतं. अनेक देशांत तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी आहे. म्हणून नाव छापलेले डिकॅल छोटे उत्पादक वेगळे विकतात. किटवर तो आणखी एक खर्च. नव्या गाड्यांना हा त्रास नाही, हा एकच त्यांचा फायदा.

मग नवी गाडी हवी त्याने करायचं काय?

एक रस्ता रेझिनचा. टोकियोची मॉडेल फॅक्टरी हिरो यातलं मोठं नाव. इथे पोलादी साचा नाही. मूळ नमुना बनवायचा, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतायचं. सिलिकॉनचा साचा स्वस्त, पण काही डझन ओतकामांतच झिजतो. हाताने ओतायचं, हाताने काढायचं. सोबत पांढऱ्या धातूचे ओतीव भाग, कोरलेले पितळी पत्रे, कातलेली ॲल्युमिनियमची चाकं. काही शे खोकी विकायची असतील तर हे गणित जुळतं, पण प्रत्येक खोक्यामागची मजुरी पाहता किंमत चढते. टामियाचं १/२० चं किट जपानात काही हजार येनला मिळतं. हिरोचं त्याच मापाचं किट वीस हजार येनच्या आसपास, आणि १/१२ चं लाख येनच्या घरात. येनचा भाव साधारण साठ पैशांच्या आत धरला तरी पन्नास-साठ हजार रुपये झाले. आणि ते जोडणं नवख्याचं काम नाही. भाग चपखल बसत नाहीत, घासून बसवावे लागतात. तेवढे पैसे घालून किट अर्धवट कपाटात पडलेले हौशी लोक मला बरेच माहीत आहेत. माझ्या मते दहा प्लास्टिक किट नीट पूर्ण केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

दुसरा रस्ता मला जास्त पटतो: एफ१ सोडा. आधुनिक रेसिंग कार म्हणजे फक्त एफ१ नव्हे. २००६ पासून चालू असलेल्या जीटी३ वर्गात कंपन्या गाड्या बनवून खासगी संघांना विकतात. एकच बीएमडब्ल्यू एम६ जीटी३ कधी न्यूर्बुर्गरिंगला, कधी डेटोनाला, कधी मकाऊला धावायची. आकार तोच, रंग निराळा. किट कंपनीला यापेक्षा काय हवं? साचा एकदा करा, डिकॅल बदला, सहा प्रकारची खोकी विका. नुनु आणि प्लाट्झ या किट कंपन्यांनी नेमकं हेच केलं. बीएमडब्ल्यू एम६, ऑडी आर८ एलएमएस, पोर्शे ९११ जीटी३ आर अशा गाड्या त्यांनी १/२४ मध्ये आणल्या. शिवाय गाडी बाजारात विकली जात असल्याने मोजमापाची लपवाछपवी नाही. बेल्जियमच्या बेलकिट्सने रॅलीबाबत हाच विचार केला. २०१३ ते २०१६ सलग चार वर्षं जगज्जेती ठरलेली फोक्सवॅगन पोलो आर, ह्युंडाई आय२०, फोर्ड फिएस्टा. यांतल्या बऱ्याच गाड्यांना चाकांवर बॉडीचं झाकण असतं, त्यामुळे त्या एफ१ पेक्षा जोडायलाही सोप्या. पोलो आणि आय२० तर आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांच्या चुलत बहिणी.

तिसरा रस्ता घरच्या थ्रीडी प्रिंटरचा. रेझिनवर चालणारे छोटे प्रिंटर ०.०५ मिलिमीटरचे थर काढतात, म्हणजे १/२० मध्ये खऱ्या गाडीवरचा एक मिलिमीटर. पातळ विंग, वळलेली पाती, साच्यातून निघूच शकणार नाहीत असे आकार यातून निघतात. पण आधाराच्या काड्यांचे व्रण घासावे लागतात, रेझिन ठिसूळ असतं, आणि इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या फायलींना संघाची परवानगी असते असं नाही. जाणकार मंडळी बहुधा मधला मार्ग घेतात. किट प्लास्टिकचं, त्यातले चार-सहा भाग प्रिंट केलेले.

भारतात आणताना

इथवरचा हिशेब जपानमधल्या दुकानातल्या किमतीचा होता. तिथून पुणे-मुंबईपर्यंत येताना किटच्या किमतीवर तीन थर चढतात.

पहिला थर वाहतुकीचा. किटचं खोकं हलकं पण मोठं असतं आणि कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त भरेल त्यावर पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजाराने भागायचं. ३८ बाय २६ बाय ९ च्या खोक्याचं ‘वजन’ असं पावणेदोन किलो निघतं, तराजूवर मात्र ते अर्ध्या किलोच्या आसपास भरेल. म्हणून लोक दोन-तीन किट एकत्र मागवतात किंवा विक्रेत्याला खोकं चपटं करून आतले स्प्रू नीट गुंडाळून पाठवायला सांगतात. खोक्यावरच्या चित्रावर जीव असणाऱ्यांना ते सहन होत नाही.

दुसरा थर जकातीचा. आपल्या सीमाशुल्क खात्याच्या यादीत खेळणी आणि स्केल मॉडेल एकाच शीर्षकाखाली येतात, ९५०३. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. स्वस्त आयात खेळणी रोखायचा हेतू होता. सत्तर टक्क्यांच्या तावडीत शिझुओकाचं किटही सापडलं. गंमत म्हणजे शुल्क फक्त किटवर नाही, वाहतुकीचा खर्च धरून लागतं. समजा किट तीन हजारांचं आणि वाहतूक दोन हजार. पाच हजारांवर ७० टक्के म्हणजे ३,५००. झाले साडेआठ हजार. त्यावर जीएसटी. तीन हजारांची वस्तू नऊ हजारांच्या आसपास पोहोचली. वैयक्तिक वापराच्या पार्सलला वेगळा दर लागतो आणि तो बदलत राहतो, म्हणून मागवण्याआधी चालू दर बघून घ्यावा.

तिसरा थर रुपयांत दिसत नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला आणि त्यासाठी परदेशी कारखान्यालाही बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना लागतो. खोक्यावर ‘१४ वर्षांवरील’ असं छापलेलं असलं तरी ते खेळणं की छंदाची वस्तू हे कागदपत्रं बघणाऱ्याने ठरवायचं. छोट्या आयातदाराला ही कटकट परवडत नाही, मग तो खपणारे चार प्रकारच आणतो, आणि रेसिंग कार त्या चारांत क्वचित असतात.

रंगांचं तर विचारूच नका. टामियाचे स्प्रे कॅन ज्वालाग्राही. विमानाच्या टपालाने ते पाठवता येत नाहीत. फेरारीचा लाल किंवा मॅक्लारेनचा केशरी हवा असेल तर गाड्यांच्या रंगांच्या दुकानात जाऊन शेड जुळवून घ्यायची, पातळ करायची आणि एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने) मारायची. अस्तराचा प्रायमर आधी मारा, नाहीतर गाड्यांच्या रंगातलं थिनर प्लास्टिक खातं. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर हा एकदाचाच खर्च, पण पहिल्या किटच्या वेळी तोच किटपेक्षा मोठा असतो.

संपलं म्हणजे कायमचं संपलं नाही

शेवटचा भाग किमतीच्या चढउताराचा. कंपन्या किट सलग बनवत नाहीत. साचा मशिनवर चढवतात, एक खेप काढतात, साचा उतरवून दुसरा चढवतात. खेप संपली की ‘मिळत नाही’ सुरू होतं आणि जुन्या साठ्याची किंमत दुप्पट-तिप्पट होते. लोक घाबरून घेतात. मग एक दिवस कंपनी पुन्हा खेप काढते आणि फुगा फुटतो. टामियाच्या बाबतीत थांबणं बहुधा फायद्याचं ठरतं, कारण साचे जपून ठेवलेले असतात. छोट्या कंपन्यांबाबत ती खात्री देता येत नाही; तिथे वाजवी भावात दिसलं तर घेऊन टाकावं. २०२४ च्या उन्हाळ्यात येन डॉलरमागे १६० च्या पलीकडे घसरला होता, तेव्हा जपानी लिलावांतून जुनी किट घेणाऱ्यांनी हात धुवून घेतले.

जुनं किट घेताना विक्रेत्याकडून दोनच फोटो मागा. एक टायरचा: रबर प्लास्टिकला चिकटून पडलं असेल तर त्याने ते खाल्लेलं असतं, चाकाच्या रिमवर खळगे दिसतात. दुसरा डिकॅलच्या कागदाचा. तो पिवळा पडला असेल तर घाबरू नका, भाव मात्र पाडून घ्या. कागद झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा, छापील बाजू बाहेर. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन असेल तर आठ-पंधरा दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, दमटपणाने डिकॅल कागदावरच उचलायला लागतात.